आधी एकमेकांच्या घरी जाऊ या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या ज्यूंवर आलेला लेख मी इथे, इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावात बसून दोनदा वाचला. अलिबागची इस्रायल आळी, नवगावचं स्मारक यांचं वर्णन वाचून फार बरं वाटलं. पण लेखाच्या शेवटी म्हटलं आहे की, बेने इस्रायली लोक, म्हणजे आम्ही कोकणातले ज्यू, आपल्या देशी परतले आणि तिथे जगभरातून आलेल्या ज्यूंमध्ये दुधात साखर विरघळावी तसे विरघळून गेले. हे वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र. आम्ही विरघळलो नाही. इथे कुणीच विरघळलेलं नाही. उलट, विरघळून जा हा सरकारचा आग्रह जसा कमी होत गेला, तशी इथली माणसं एकमेकांना ओळखू लागली, असं माझं आयुष्यभराचं निरीक्षण आहे.

मी मूळची रेवदंड्याची. तिथल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, साठच्या दशकाच्या अखेरीस आईवडिलांबरोबर इथे आले आणि बेरशेवाच्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले. दिमोना १९५५ मध्ये वसवलं, तेव्हा राहायला आलेले बहुतेक लोक मोरोक्कोचे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर मोरोक्कन कुटुंब, आमच्या समोरच्या दारी रुमानियाचं वयस्कर जोडपं, वरच्या मजल्यावर आमच्यासारखीच दोन मराठी घरं. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघातून आणि इथिओपियातून आलेल्यांची भर पडली. गावाच्या एका बाजूला शिकागोहून आलेल्या, स्वतःला हिब्रू मानणाऱ्या कृष्णवर्णीयांची वसाहत आहे, तीही १९६९ पासूनची. गावाबाहेर पडलं की बेदुइन अरबांच्या वस्त्या. असं आमचं गाव. आणि तरीही कित्येक वर्षं प्रत्येकाला दुसऱ्याविषयी ठाऊक असायचं ते फक्त त्याच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासापुरतं.

त्या काळचं धोरण सरळ होतं. आल्याबरोबर हिब्रू शिका, जुनं विसरा, नवा इस्रायली माणूस व्हा. त्यामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. माणसं बोटी भरभरून येत होती आणि त्यांना ठेवायला तंबूसुद्धा पुरत नव्हते. पण नव्या माणसाचा जो नमुना समोर ठेवला, तो पोलंड-रशियाकडून आलेल्यांचा होता. त्यांचा इतिहास तोच ज्यूंचा इतिहास, त्यांची प्रार्थनेची चाल तीच खरी चाल. मोरोक्को, इराक, येमेन, भारत इथल्यांनी आपलं गाठोडं दाराबाहेर ठेवून आत यायचं. १९५९ मध्ये हैफाच्या वादी सलीब वस्तीत मोरोक्कन लोकांचा उद्रेक झाला आणि १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतली तरुण पोरं ‘ब्लॅक पँथर्स’ म्हणून रस्त्यावर उतरली, ती याच अपमानामुळे.

आमच्या वाट्याला जे आलं, ते मराठी वाचकांना फारसं माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोकणात आमचे पूर्वज शतकानुशतकं रब्बींवाचून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंवाचून राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवल्यांचाच मासा खायचा, ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणायची, एवढ्यावर त्यांनी धर्म धरून ठेवला. घटस्फोटाचे आणि विधवेच्या पुनर्विवाहाचे शास्त्रातले बारीक नियम त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. नेमकं तिथेच बोट ठेवून १९६२ मध्ये इथल्या प्रमुख रब्बिनेटने, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायली मुलाचं किंवा मुलीचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन चौकशी करावी. या देशात नोंदणी पद्धतीचं लग्न नाही. ज्यूंची लग्नं रब्बीच लावतात. म्हणजे एखाद्याच्या पणजीचा कागद रोह्याहून किंवा पेणहून आणता आला नाही तर त्याने करायचं काय?

१९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. माझे थोरले मामा त्यांत होते. शेवटी सुट्टीत गेलेली क्नेसेट, म्हणजे इथली संसद, १७ ऑगस्टला खास बोलवावी लागली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने तिथे जाहीर केलं की, भारतातून आलेले बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. पुढे त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बिनेटने आदेशातून आमचं नाव काढलं. मामा ही हकिगत सांगायचे तेव्हा क्नेसेटविषयी थोडंच बोलायचे. ते सांगायचे ते फुटपाथविषयी. भारतातला ज्यू कधी डोळ्यांनी न पाहिलेले जेरुसलेमचे लोक तिथे येत, आधी लांब उभे राहत, मग जवळ बसून विचारत की तुम्ही कुठले, तिकडे सण कसे करता, तुमच्या आया शुक्रवारी काय रांधतात. कुणी पाणी आणलं, कुणी रात्रीची पांघरुणं. हक्क ठरावाने मिळाले, पण ओळख झाली ती त्या फुटपाथवर.

मी रुग्णालयात होते तेव्हा हेच सगळं इथिओपियाच्या लोकांच्या बाबतीत पुन्हा पाहिलं. १९८४-८५ मध्ये सुदानमार्गे हजारो जण आले, वाटेत असंख्य मेले. १९९१ च्या मे महिन्यात तर दीड दिवसात चौदा हजारांहून अधिक माणसं विमानांनी आणली. इतकं करून त्यांनाही सांगण्यात आलं की, तुमचं ज्यूपण पक्कं करायला विधिपूर्वक पाण्यात बुडी घ्या. १९८५ मध्ये तेही जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. मग १९९६ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात बातमी फुटली की, इथिओपियन रक्तदात्यांचं रक्त घेतलं जायचं आणि एड्सच्या भीतीने त्यांना न सांगता टाकून दिलं जायचं. त्या सकाळी आमच्या वॉर्डात कामाला आलेल्या इथिओपियन मुलीने माझ्याशी एक शब्द काढला नाही. काय बोलणार होती? आमच्या समाजातल्या काही जणांनीही त्यांना रंगावरून हिणवलं, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला काय सोसावं लागलं होतं, ते विसरायला माणसाला फार वेळ लागत नाही.

आता चांगलंही सांगते. तळमजल्यावरच्या मोरोक्कन बाईंची आणि माझ्या आईची भाषा एक नव्हती. आईचं हिब्रू मोडकं, त्यांचं निम्मं अरबी. माझ्या बहिणीच्या लग्नाआधी घरात मेंदी भिजवली, आणि त्या बाई दारातून वास ओळखून सरळ आत आल्या. त्यांच्याकडेही लग्नाआधी मेंदीची रात्र असते, येमेनच्या ज्यूंकडेही असते. त्या रात्री त्या बाईंनी आमच्या मुलींच्या हातांना मेंदी लावली आणि आपल्या पद्धतीने जिभेचा तो उंच स्वर काढून घर दणाणून सोडलं. पुढे आमच्या मलिद्याच्या विधीला त्या दर वर्षी येऊ लागल्या. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर सुका मेवा, ताटात फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन म्हटलेली प्रार्थना. युरोपातून आलेल्या काही शेजाऱ्यांना हा प्रकार हिंदूंचा वाटे आणि ते नाक मुरडत. मोरोक्कन बाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्याकडेही संतांच्या नावाने मेणबत्त्या लावून जेवणं घालायची रीत आहे. नेटिवोत गावातल्या बाबा साली या मोरोक्कन संताच्या समाधीवर हजारो लोक जातात. पेसाहचा सण संपला की त्या रात्री त्यांच्या घरी मिमूनाचा सण. गरम मुफलेता म्हणजे पातळ पोळ्या, लोणी, मध, आणि दार सताड उघडं. आज मिमूनाला देशाचे पंतप्रधानही कुणाच्या तरी घरी जातात. इथिओपियन लोकांचा सिग्द सण २००८ मध्ये क्नेसेटने कायदा करून राष्ट्रीय सण ठरवला. २०१६ मध्ये कवी एरेझ बिटोन यांच्या समितीने शिफारस केली की, आशिया-आफ्रिकेतल्या ज्यूंचा इतिहास आणि साहित्य शाळांत शिकवलं जावं. म्हणजे ज्या गाठोड्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, ती एकेक करून आत आली. भांडून आली, हे खरं, पण आली.

मात्र जिथे लोक भेटतच नाहीत, तिथे मेंदी आणि मलिदा काय करणार? इथल्या शाळाच वेगवेगळ्या. सरकारी निधर्मी शाळा वेगळी, सरकारी धार्मिक वेगळी, हरेदी म्हणजे कडव्या धर्मनिष्ठांची वेगळी, अरबांची वेगळी. २०१५ च्या जूनमध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रुवेन रिवलिन यांनी एका भाषणात हे स्पष्ट मांडलं. पहिलीत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश अरब, जवळजवळ तेवढीच हरेदी, उरलेली निधर्मी आणि धार्मिक-राष्ट्रवादी. या देशात आता बहुसंख्य असा कुणी उरलेला नाही, चार टोळ्या आहेत, आणि राहातचं अरब मूल, हर्झेलियाचं निधर्मी मूल, बेट एलचं धार्मिक-राष्ट्रवादी मूल आणि बेतार इल्लीतचं हरेदी मूल एकमेकांना भेटतच नाहीत, असं ते म्हणाले. माझी एक नात निधर्मी शाळेत आणि दुसरी धार्मिक शाळेत आहे. एका आजीच्या दोन नाती, आणि दोघींच्या पुस्तकांत देश दोन.

अरबांच्या बाबतीत अंतर याहून मोठं. देशाच्या लोकसंख्येत ते एक पंचमांशाहून थोडे अधिक. रुग्णालय ही अशी जागा की जिथे डॉक्टर अरब, परिचारिका रशियन, रोगी हरेदी आणि सफाईला आलेला इथिओपियन, असं एकाच खोलीत घडतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या अरब मैत्रिणी माझ्याशी अस्खलित हिब्रूत बोलायच्या, आणि मला एवढी वर्षं बेदुइन बायकांची सेवा करून अरबी येत होतं ते कुठे दुखतं, कधीपासून, काही खाल्लंस का, इतकंच. त्यांच्या मुलांना हिब्रू शिकावीच लागते. आमच्या मुलांना अरबी नावापुरती. इस्रायल हे ज्यूंचं राष्ट्र आहे असं सांगणाऱ्या २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने तर अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जाच काढला. सैन्यात बरोबरीने लढणारे, अरबी बोलणारे द्रुझ लोक त्याविरुद्ध तेल अवीवच्या चौकात जमले, तेव्हा मीही दिमोनाहून बस करून गेले. तो कायदा मला आजही चुकीचा वाटतो. बेरशेवात ‘हागार’ नावाची शाळा आहे. तिथे वर्गात एक शिक्षिका हिब्रू बोलते आणि एक अरबी, आणि ज्यू-अरब मुलं शेजारी बसतात. अशा शाळा देशात बोटांवर मोजण्याइतक्या. गावोगाव हव्यात.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर हे बोलणंही कठीण झालं आहे. त्या दिवशी आमच्या भागातले कितीतरी लोक मारले गेले, ओलीस नेले गेले. त्यांत बेदुइनही होते, थायलंडचे मजूर होते, शेती शिकायला आलेले नेपाळचे विद्यार्थी होते. आणि माझ्याबरोबर काम केलेल्या एका बेदुइन परिचारिकेचे नातेवाईक गाझात आहेत. आम्ही दोघी फोनवर बोलतो. कधी दोघी रडतो, कधी एकीचं म्हणणं दुसरीला पटत नाही. तरी फोन ठेवून द्यायचा नाही, एवढं आम्ही पाळलं आहे.

आता परदेशातल्या ज्यूंविषयी. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून असं वाटतं की, अमेरिकेतले ज्यू आणि इस्रायल म्हणजे एकच कुटुंब. कुटुंब आहेच, पण एकमेकांच्या घरात न राहिलेलं. अमेरिकेत बरेचसे ज्यू रिफॉर्म किंवा कॉन्झर्वेटिव्ह या सुधारणावादी पंथांचे. त्यांच्याकडे बायका रब्बी होतात, स्त्री-पुरुष शेजारी बसून प्रार्थना करतात. त्यांच्या रब्बींनी इस्रायलमध्ये लावलेलं लग्न मान्य होत नाही. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, म्हणजे ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळी त्यांना स्त्री-पुरुषांनी एकत्र प्रार्थना करायला नीट जागा द्यायची, असं सरकारने २०१६ च्या जानेवारीत ठरवलं आणि २०१७ च्या जूनमध्ये तो निर्णय गुंडाळला. तिकडे लोक दुखावले. इथे माझ्या ओळखीच्या अनेकांना त्यात दुखावण्यासारखं काय आहे, तेच कळेना. मला कळलं, कारण तू पुरेसा ज्यू आहेस का, हा प्रश्न माझ्या मामांना विचारला गेला होता. मी स्वतः जुन्या वळणाची आहे, सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात बायकांच्या वेगळ्या गॅलरीत बसते आणि तिथेच मला बरं वाटतं. पण दुसऱ्याच्या प्रार्थनेला दार लावणं मला मान्य नाही.

१९९९ पासून ‘तग्लित’ नावाच्या योजनेतून परदेशातल्या तरुण ज्यूंना दहा दिवस इस्रायल फुकट दाखवतात. आजवर आठ लाखांहून अधिक मुलं येऊन गेली. अशीच आलेली एक अमेरिकन मुलगी माझ्या नातीबरोबर शुक्रवारच्या जेवणाला घरी आली. नारळाच्या रसातली माशाची आमटी आणि भात वाढला. तिने पहिला प्रश्न विचारला की, भारतात तुमच्या लोकांना कुठल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत ठेवलं होतं? मी म्हटलं, मुली, आमच्या आळीच्या एका अंगाला कोळीवाडा आणि दुसऱ्या अंगाला मुसलमानांची घरं. नव्या वर्षाच्या सणाला आई गव्हाच्या चिकाचा हलवा करायची, तो सगळ्यांकडे जायचा, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्हाला विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून आमची चूल पेटवायला शेजारची मुलगी यायची. तिचा विश्वास बसेना. ज्यू म्हणून जगणं म्हणजे लपणं, पळणं किंवा लढणं, एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. युरोपात जे झालं ते तिला माहीत असलंच पाहिजे, त्याविषयी मला शंका नाही. पण कोकणात जे झालं, किंबहुना जे कधी झालं नाही, तेही ज्यूंच्याच इतिहासात येतं, आणि ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इस्रायलच्या शाळांतही ते अजून धड सांगितलं जात नाही.

याच रिवलिन यांनी २०१८ मध्ये तेल अवीवला जमलेल्या अमेरिकन ज्यूंपुढे म्हटलं होतं की, परदेशातले ज्यू ही पाचवी टोळी आहे आणि आता उलटी तग्लित हवी: इस्रायली तरुणांनी जाऊन परदेशातले ज्यू कसे राहतात ते पाहावं. मला ते अगदी पटलं. आणि इथे, संपादक महाशय, आपल्या वाचकांचा संबंध येतो.

सैन्यातून सुटलेली आमची हजारो मुलं दर वर्षी भारतात जातात. गोव्याच्या किनाऱ्यावर राहतात, हिमाचलात कसोलला आणि धर्मकोटला राहतात. मुंबईहून गोव्याला जाताना कोकणातून जातात, पण पेण, अलिबाग, रेवदंडा इथे ज्यूंची प्रार्थनास्थळं आहेत, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. मोरोक्कन घरातला मुलगा, रशियन घरातली मुलगी रेवदंड्याच्या सिनेगॉगच्या ओट्यावर एक दुपार बसली, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा तो खडक पाहिला, जिथे एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून जुन्या शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या, तर आपल्याच वर्गातल्या भारतीय मुलाकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील. अलिबाग-रेवदंडा भागात घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, इस्रायली पाहुणे आले तर त्यांना समुद्राबरोबर हेही दाखवा. आता भारतात आमचे काही हजार लोकच उरलेत. त्यामुळे दाखवायचं काम शेजाऱ्यांनाच करावं लागणार आहे.

दुसरी विनंती महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींना. ठिबक सिंचन पाहायला आपले अभ्यासदौरे बेरशेवाजवळच्या किबुत्झांपर्यंत, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींपर्यंत येतात आणि तिथून मृत समुद्राकडे जातात. दिमोना त्याच रस्त्यावर आहे. एक संध्याकाळ इथे उतरा. शनिवारी शब्बाथ सुटल्यावर आमच्या सिनेगॉगमध्ये मराठी बोलणारं कुणी ना कुणी हमखास भेटतं, आणि १ मेच्या सुमारास आलात तर महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमालाच याल. इथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, तेही चाळायला मिळेल. पाण्याचं तंत्र शिकाच, पण ते वापरणाऱ्या माणसांशीही दोन शब्द बोला. त्यांत मोरोक्कन, बेदुइन, रशियन सगळे भेटतील.

तिसरी विनंती आपल्या दैनिकाला. इस्रायलविषयी बातमी देताना ‘ज्यूंना वाटतं’, ‘अरबांना वाटतं’ असं एका ओळीत संपवू नका. कुठल्या गावचा, कुठून आलेला, काय काम करणारा माणूस बोलतोय, तेही लिहा. युद्धाच्या दिवसांत तर हे अधिकच हवं आहे.

आणि रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत बेने इस्रायली शेजाऱ्यांची छायाचित्रं, पत्रं, मराठीतून केलेल्या ज्यू कीर्तनांच्या पुस्तिका, शाळेच्या हजेरीपटातली नावं असं काही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याची छायाचित्रं आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत. आपण ती माझ्यापर्यंत पोचवलीत, तर दिमोनाच्या शाळांत ती हिब्रू मजकुरासह लावायचं काम मी आणि माझ्या निवृत्त मैत्रिणी करू. त्या मैत्रिणींत एक मोरोक्कन आहे आणि एक इथिओपियन. दोघींनी आपापल्या घरची छायाचित्रं आधीच काढून ठेवली आहेत.

आपली नम्र,
रेवदंड्याची एक जुनी वाचक
दिमोना, इस्रायल